जावांचा फेरफटका

सोफे शिवणाऱ्या बाईची पाठ संध्याकाळपर्यंत जुन्या सोफ्यासारखी होते, वरून ताठ आणि आतून सगळ्या स्प्रिंगा हललेल्या. हे थोरलीचं म्हणणं. त्यावर धाकटी म्हणायची, "ताई, तुमच्या निदान हलतात तरी, माझ्या गंजल्या." आणि मग दोघी पाय मोकळे करायला बाहेर पडायच्या.

या दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ. खाली रस्त्याला लागून भावांचं सोफे-खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं दुकान, वर कामाची खोली आणि तिच्यामागे सगळ्यांचं एकत्र घर. लाकूड, स्प्रिंगा, काथ्या, फोम यांच्याशी भाऊ झटायचे. खोळी शिवायचं काम जावांचं. दोन मशिनं भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडलेली. एक बैठकीची खोळ शिवी, दुसरी पाठीची, आणि जोडताना कापडावरचे पट्टे एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा दंडक. त्या खडखडाटात बोलायची सोय नव्हती. मशिनं थांबली की स्वयंपाकघर, आणि तिथे सासूबाई. सासूबाईंचे कान असे की शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणी उसासा टाकला तरी त्यांना कारण कळावं. तेव्हा दोन जावांनी मनातलं बोलायचं तर रस्ता हीच काय ती जागा.

बाहेर पडण्याचीही एक रीत होती. धाकटी लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा तिचं काम आधी आटोपलं आणि ती उत्साहात म्हणाली, "ताई, निघायचं ना?" थोरली तेव्हा गडद हिरव्या मखमलीवर शेवटची टीप घालत होती. तिने मान वर केली आणि सुई घसरली. मखमलीला सुईचं भोक पडलं की ते जन्माचं, उसवून काही उपयोग नाही. अख्खा तुकडा नव्याने कापावा लागला. सासूबाई त्यावर आठ दिवस काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट असे. तेव्हापासून ठरूनच गेलं की शिवण चालू असताना कोणी कोणाला हाक मारायची नाही. जिचं आधी होईल तिने गुपचूप उठावं, जिना उतरून खाली दारात उभं राहावं. दुसरी आपलं काम संपवून येईल. उशिराबद्दल विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. सासूबाई गेल्या, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, पण ही रीत काही मोडली नाही.

फिरायच्या म्हणजे कुठे, तर कुठेच नाही. बेकरीवरून शाळेच्या भिंतीकडे, तिथून कालव्याच्या पुलावर, पुलाच्या कठड्याला जरा टेकायचं आणि परत. थोरलीचे यजमान विचारायचे, "एवढं चालून पोचता तरी कुठे?" थोरली म्हणायची, "घरी." रमतगमत, रेंगाळत जायच्या. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले की उघड्या खिडक्यांतून आत बघायच्या, पण माणसं नाहीत, सोफे. कोणाची पाठ सैल पडली, कोणी पट्टे तिरके जोडून घेतले, कोणी चांगल्या खुर्चीला रेक्झिन चढवून तिची माती केली. "अहो ताई, ते बघा, कोपऱ्यात सुरकुती," असं धाकटी इतक्या दुःखाने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या घरात कोणी आजारी आहे. आणि सोफ्यांचं बोलता बोलता मग बाकीचं निघायचं. धाकटीचं पहिलं मूल राहिलं नाही तेव्हा ती रडली ती पुलावर. थोरलीला आपल्या आईवरचा राग सांगता आला तोही शाळेच्या भिंतीपाशी. घरी आल्यावर त्याचा शब्द नाही.

आणि मग भाऊ भांडले.

भांडण झालं एका खुर्चीवरून. ती धाकट्या भावाने मढवली होती, स्वतःच्या हाताने, मन लावून. गिऱ्हाईक न्यायला आलं. थोरल्या भावाने बैठकीवर हात फिरवला, कपाळाला आठी घातली आणि गिऱ्हाइकादेखत कात्री घेऊन खोळ टराटरा उसवली. "हे असं आमच्या दुकानातून बाहेर जात नाही," म्हणाले. बरोबर होतं की चूक, देव जाणे. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाचं काम, ज्याला घरात अजून छोटू म्हणत, चारचौघांत असं उसवायचं नसतं. छोटूभावजींनी उसवलेली खोळ उचलून घडी करून ठेवली. महिन्याच्या आत त्यांनी पाण्याच्या टाकीपलीकडे, दोन गल्ल्या सोडून, जागा घेतली आणि एक मशीन, बायको आणि भांडी घेऊन निघून गेले. थोरल्या भावाने त्या दिवशी डोक्यात राख घालून जाहीर केलं, "त्याच्या दाराची पायरी या घरातलं कोणी चढायचं नाही."

जावांचं भांडण नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

सामान गेलं त्या संध्याकाळी थोरलीने रोजच्यासारखं काम आवरलं आणि खाली दारात जाऊन उभी राहिली. तिच्या मनात शंकाही आली नाही. घर बदललं म्हणून संध्याकाळ थोडीच बदलते? धाकटीला वेळ ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, काम संपलं की येईल. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत ती उभी होती. धाकटी आली नाही. नवं घर, आवराआवर असेल, थोरलीने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. मग तिला प्रश्न पडू लागले. नवऱ्याने अडवलं असेल का? की तिलाच नको आहे? ज्यांनी खुर्ची उसवली त्यांच्या बायकोबरोबर कशाला फिरायचं, असं तिला वाटत असलं तर तिचं तरी काय चुकलं?

फोन होता की हातात. पण फोन करून बोलवायचं म्हणजे हाक मारल्यासारखंच. हाक मारली आणि तिकडून "नाही येत" असं आलं तर ते भोक कोण बुजवणार होतं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. एकदा भाजीच्या दुकानात दोघी समोरासमोर आल्या. दोघींचे नवरे बरोबर होते. धाकटी हसली, हसता हसता खाली बघायला लागली. थोरलीने ते खाली बघणं घरी आणलं आणि पुढे कितीतरी दिवस उलटसुलट करून पाहिलं.

असं वर्ष गेलं. थोरली रोज दारात उभी राही, दिवे लागले की एकटीच फेरी मारून येई. त्याच खिडक्या, तेच सोफे, पण सुरकुती दिसली तरी सांगायचं कोणाला? एकदा बेकरीच्या वरच्या मजल्यावर नवा निळा सोफा दिसला आणि ती बोलूनही गेली, "पट्टे बघ कसे जुळवलेत." शेजारून जाणारा माणूस तिच्याकडे बघत जरा बाजूला सरकून चालू लागला. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यालाही जोडीदार नव्हता म्हणून डोळे भरून आले. माणूस गेल्यावर त्याची आठवण येते हे तिला माहीत होतं. दोन गल्ल्यांवर जिवंत असलेल्या माणसासाठी जीव इतका तुटतो, हे नवीन होतं.

मग शाळेजवळचा रस्ता पाइपसाठी खणला. पुलाकडे जायचं तर टाकीवरून वळसा. थोरलीने मनाशी नीट युक्तिवाद केला. पायरी चढायची नाही असं हे म्हणाले होते. फूटपाथ काही छोटूभावजींच्या मालकीचा नाही. त्या दिवशी दारात उभं राहायचंही तिने सोडलं, कारण वळसा मोठा होता, आणि ती लवकर निघाली.

टाकीपलीकडे वळली आणि समोरच्या बाजूला दारात धाकटी दिसली. भिंतीला खांदा टेकून, एका पायातली चप्पल अर्धवट काढून, अंगठ्याने ती उगाच हलवत उभी. थोरली झटकन लाँड्रीच्या पाटीआड झाली. ही उभी राहण्याची तऱ्हा तिला पाठ होती. धाकटी फिरायला निघण्यासाठी कोणाची तरी वाट बघत होती.

कोणाची? थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मिळाली तर हिला नवी मैत्रीण. असेल कोणी शेजारीण, गोडबोली, वेळेवर न येणारी. वर्षभर आपण दारात खांबासारख्या उभ्या आणि ही इकडे दुसरीच्या वाटेकडे डोळे लावून. निघून जावं असं तिला वाटलं. पण ती कशी दिसते हे पाहिल्याशिवाय पाय निघेना. लाँड्रीवाल्याने दोनदा विचारलं, "बाई, कपडे आहेत का?" दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "आहेत, उद्या आणते."

कोणी आलं नाही. दिवे लागले. धाकटीने चप्पल पायात सरकवली, रस्त्याच्या त्या टोकाकडे, थोरलीच्या घराच्या दिशेला, एकदा बघितलं आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरली खरोखरच चादरी घेऊन लाँड्रीत गेली, म्हणजे उभं राहायला निमित्त. धाकटी पुन्हा दारात. पुन्हा कोणी नाही. दिवे लागल्यावर पुन्हा त्याच दिशेला बघणं आणि जिना. तिसऱ्या दिवशी थोरलीने लाँड्रीवाल्यालाच विचारलं, शक्य तितक्या सहज आवाजात, "त्या समोरच्या बाई कोणासाठी थांबतात हो?"

"देव जाणे," तो इस्त्री फिरवत म्हणाला. "राहायला आल्यापासून बघतोय. रोज अशाच उभ्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, आमच्या ताईंचं काम अजून उरकलं नसेल."

थोरलीला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती चादरी तिथेच सोडून बाहेर आली. समोर धाकटी नुकतीच वर गेलेली होती आणि दार बंद होतं. पायरी समोर होती. ती पायरी न चढता थोरली घरी आली, आणि घरी आल्यावर ती रात्रीचं जेवण वाढत असताना यजमान ताटाकडे बघत म्हणाले, "छोटू चाललाय म्हणे. दुकान बंद करून मुलीकडे. तिला बाळ झालंय ना. या रविवारी सकाळी ट्रक येणार. फोमवाल्याकडून कळलं." थोडं थांबून ते म्हणाले, "मला वाटलं होतं, सांगून जाईल." मग भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले. मीठ कमी नव्हतं.

रविवारला दोनच संध्याकाळी उरल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी थोरलीने अर्धी शिवण तशीच मशिनवर टाकली, सुई कापडात रुतलेली ठेवून. असं तिने आयुष्यात केलं नव्हतं. भराभरा चालत गेली. फिरायला जाणाऱ्या बाईने असं धावू नये, पण धावली. धाकटी दारात उभीच होती. थोरली रस्ता ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि चप्पल पायात नीट घातली. दोघी चालू लागल्या.

बेकरी आली. मग थोरली म्हणाली, "मी तिकडे दारात उभी असायचे."

धाकटी थांबली. "कधी?"

"रोज."

"रोज?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं, आता मोठे भाऊजी पाठवणार नाहीत. पण एखाद दिवस तुमचं काम लवकर झालं आणि तुम्ही आलात, आणि मी खाली नसले तर?"

"अगं, पण मी तुझी वाट बघत होते."

"आणि मी तुमची."

आधी थोरलीला हसू फुटलं. मग धाकटीला. दोन शहाण्यासुरत्या बाया, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, दोन दारांत, एकाच वेळी, वर्षभर. हसून हसून दोघींना बेकरीच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला. बेकरीवाला काचेतून बघत होता. हसता हसता धाकटीचा आवाज मधेच फाटला आणि ती थोरलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "वेडीच आहोत आपण," ती म्हणाली. "एक हाक मारली असती तर काय जीभ झडली असती माझी?" तिला खरंच तसं वाटलं, स्वतःचा राग आला, आणि त्या रागाचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुसरी संध्याकाळ शनिवारची. त्या दिवशी दोघी पुलापर्यंत गेल्या, कठड्याला टेकल्या, वर्षभराचं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. किती राहिलं हे दोघींनाही कळत होतं. निळा सोफा दाखवून झाला. परत फिरल्या, टाकीपाशी धाकटीच्या दारात आल्या, आणि आता काय करायचं ते दोघींनाही कळेना. इतक्या वर्षांत फिरून आल्यावर निरोप घ्यायची कधी वेळच आली नव्हती. एकच जिना, एकच स्वयंपाकघर.

"चला, तुम्हाला पोचवते," धाकटी म्हणाली.

ती थोरलीच्या दारापर्यंत आली. तिथे थोरली म्हणाली, "एकटी कुठे जाशील, चल, तुला सोडते." पुन्हा टाकीपर्यंत. तिथून धाकटी पुन्हा निघाली. पाय दुखायला लागले, पण दारात आलं की दोघींपैकी एकीला दुसरीची काळजी वाटायचीच. दुकानांची शटरं खाली यायला लागली. लाँड्रीवाला कुलूप लावताना म्हणाला, "बाई, तुमच्या चादरी तयार आहेत," आणि दोघींनी एकदमच "उद्या" म्हटलं.

बेकरीच्या कोपऱ्यावर आल्या तर पुढे दोन माणसं उभी दिसली. एक तिकडून आलेलं, एक इकडून. दोघांचे हात पाठीमागे बांधलेले, दोघांच्या मानेला तोच बाक. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"हिला बघायला निघालो होतो," यजमान म्हणत होते. "जेवायची वेळ झाली."

"मीही," छोटूभावजी म्हणाले.

बायका थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या.

"सामान बांधलं?" यजमानांनी विचारलं.

"हो. मशीनसुद्धा."

"मशीन जपून. चाक काढून वेगळं बांधायचं असतं. गोणपाट दुहेरी लागतं, दोरी आडवी..." यजमान थांबले.

छोटूभावजी जमिनीकडे बघत म्हणाले, "येऊन बघ हवं तर. सोडून परत बांध."

थोरलीने डोळे मिटून घेतले. आता हे जातील, ती मनात म्हणाली, आता हे जाऊन खरंच सोडतील.

"नको," यजमान म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "तू बांधलंयस ना. चांगलंच बांधलं असशील."

छोटूभावजींनी नाक ओढलं. यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला आणि म्हणाले, "चल, पोचवतो तुला."

दोघे भाऊ पुढे निघाले. बायका मागून. पुढच्यांची चाल रोजचीच, घाईची, कुठेतरी पोचायची. धाकटीने थोरलीचा हात धरला. "ताई," ती हळूच म्हणाली, "आता जावंसंच वाटत नाही हो."

मग राहा, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. पण ट्रक ठरला होता, मुलगी वाट बघत होती, तान्हं बाळ होतं, आणि आजीला थांब म्हणणं तिला शोभलं नसतं. टाकी दिसायला लागली होती. तिला इतकं वाटत होतं, इतकं, की छातीत मावत नव्हतं. तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

"हळू चाल," ती म्हणाली.